कालवडींच्या कुरणातलं पिवळं तण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या वहिनींचे आहेत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि मला पदवीपर्यंत नेलं ते त्यांनी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नाही. थोरल्या भावाची बायको म्हणून मला त्या वहिनी, वडिलांना सूनबाई, आणि गल्लीला आमच्या पुतण्याची आई.

तालुक्याच्या गावात आमचं घर. दारात म्हशी आणि आसपासच्या गल्ल्यांत दुधाचा रतीब. म्हशींसाठी गवत कापून आणायचं काम माझं होतं. कालव्याच्या पलीकडे गायरान होतं, तिथे शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर जायचं. मी हायस्कूलला असताना त्या गायरानात गाजर गवत माजायला लागलं. बारीक पांढऱ्या फुलांचं, दिसायला साधं. जनावर ते सहसा तोंडात घेत नाही, पण चांगलं गवत कमी पडलं की विळ्याबरोबर तेही भाऱ्यात येतं, आणि मग दूध कडवट लागतं. रतिबाची गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली. एका आजोबांनी तर हातात चहाचा कप घेऊनच दार उघडलं आणि वडिलांना म्हणाले, "हा घ्या, आज तुम्हीच प्या."

मी बारावी झालो तेव्हा वडिलांचं म्हणणं पडलं की आता शिक्षण पुरे, म्हशींकडे आणि गवताकडे बघायला माणूस हवा. भाऊ गॅरेजात जायचा, तो संध्याकाळी उशिरा यायचा. कृषी महाविद्यालयात नंबर लागल्याचं पत्र आलं होतं, पण ते कोणी उघडपणे वाचत नव्हतं. वहिनी त्याच वर्षी लग्न होऊन आल्या होत्या. त्या सातवी पास. जेवताना वाढता वाढता त्या म्हणाल्या, "गवताचं मी बघते. भाऊजींना जाऊ द्या." वडिलांनी ताटावरून मान वर केली नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ होकार असा होता.

त्यानंतर माझं कॉलेज होईपर्यंत गायरानातला आमचा वहिवाटीचा तुकडा वहिनींनी हाताने साफ ठेवला. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, ढीग करायचा, वाळला की जाळायचा. दूध पुन्हा गोड लागायला लागलं. वहिनींच्या कोपरांच्या आतल्या बाजूला मात्र पुरळ उठलं, मग मानेवर, मग पापण्यांवर. डॉक्टरांनी सांगितलं, त्या गवताच्या जवळ जायचं नाही. वहिनी भावाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जायला लागल्या. मी सुट्टीत घरी यायचो तेव्हा त्यांच्या बोटांची कातडी जाड आणि काळपट झालेली असायची, सांध्यांवर चिरा पडलेल्या. मी बघतोय असं दिसलं की त्या हात पदराखाली घ्यायच्या आणि विषय बदलायच्या. "भाऊजी, तुमच्या कॉलेजात म्हणे तण शिकवतात. आम्हाला कोणी शिकवायला आलं नाही, तरी आम्ही पास."

तणाचाच विषय मी पुढे धरला. लोकांना वाटतं की गुण कमी पडले म्हणून मला तो मिळाला. तसं नाही, मी मागून घेतला.

आता मी जर्मनीत, आखनमध्ये राहतो. माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा पुण्याचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. इथे मराठी मंडळी बहुतेक तशीच, गाड्या, मोटारी, बॅटऱ्या यांतली. गणपतीला जमलो की तो माझी ओळख करून देतो, "आम्ही जर्मनीला गाड्या बनवायला आलो, हा गवत उपटायला आला. आणि डॉक्टरेटपण त्याच्यातच." सगळे हसतात. मीही हसतो. खोटं त्यात काही नाही.

माझं काम चराऊ कुरणांतल्या तणांवर आहे. आखनहून बस दक्षिणेकडे टेकड्यांत चढत जाते, तिथे एका उतारावर आमच्या प्रयोगाचं कुरण होतं. होतं असं लिहितो, ते का हे पुढे येईल. कुरण एका शेतकरीणबाईंचं. साठीच्या पुढच्या, उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. नवरा वारलेला, मुलगा स्टुटगार्टकडे कंपनीत नोकरीला. आसपासचे दूधवाले आपल्या कालवडी त्यांच्याकडे वाढवायला देतात. उन्हाळाभर कालवडी कुरणात चरतात, हिवाळ्यात त्याच कुरणाचं वाळलेलं गवत खातात, आणि पहिल्यांदा गाभण राहिल्या की मालकाकडे परत जातात. बाईंचं सगळं या कालवडींवर चालतं.

त्या कुरणात पिवळ्या फुलांचं एक तण आलं होतं. जर्मनमध्ये त्याला लांबलचक नाव आहे, आम्ही कामात नुसतं पिवळं म्हणायचो. पहिल्या वर्षी ते जमिनीलगत पानांचा गोल घेऊन बसतं, दुसऱ्या वर्षी उंच होतं आणि भर उन्हाळ्यात फुलतं. हिरवं असताना ते कडू असतं, म्हणून कालवडी त्याला वळसा घालून चरतात. खरा धोका वाळल्यावर. वाळलेल्या गवतात कडूपणा जातो आणि विष राहतं, आणि ते यकृतात थोडं थोडं साठत जातं. ज्या गवतात हे तण सापडलं ते गवत कोणी आपल्या कालवडीला घालू देत नाही. बाईंची शेती सेंद्रिय, त्यामुळे फवारणी बंद. कापून टाकलं तर ते बुडातून पुन्हा फुटतं, जास्तच जोमाने. तेव्हा राहतं ते एकच, मुळासकट हाताने काढणं. कुरण स्वच्छ राहिलं तर कालवडी राहणार, नाहीतर मालक त्या घेऊन जाणार. हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गोठ्याचं दार ढकलता ढकलता.

आमचा प्रयोग तीन वर्षांचा होता. कुरणाचे पट्टे पाडले होते. काही पट्ट्यांत तण हाताने काढायचं, काहींत काढून उघड्या जागी गवताचं बी टाकायचं, काहींत फक्त कापायचं, आणि काही तसेच सोडायचे. तण काढायला संस्थेची विद्यार्थी मंडळी यायची. प्रयोगाच्या पट्ट्यांबरोबर उरलेलं कुरणही ती साफ करून द्यायची, म्हणजे तसं ठरलं नव्हतं, पण बाई सूप करायच्या आणि मग कोणी नाही म्हणायचं नाही. हातमोजे घालून, दोन दातांच्या लांब काट्याने मूळ उचकटायचं, फूल आलेलं झाड पिशवीत भरायचं, कारण उपटून टाकलेल्या फुलातही बी पिकतं. पहिल्या दिवशी मी हातमोजे घातले तेव्हा थोडा वेळ काहीच केलं नाही. बाईंनी विचारलं, माप बरोबर नाही का. बरोबर आहे म्हणालो.

अडचण अशी की या तणाचं बी जमिनीत बरीच वर्षं जिवंत राहतं. तीन वर्षांत दिसतं ते फक्त वरचं. हाताने काढून कुरण खरोखर साफ होतं का, की आपण दरवर्षी तेवढंच काढत राहतो, हे सांगायला अजून बरीच वर्षं हवी होती. त्यासाठी प्रयोगाला मुदतवाढ हवी होती. आणि मुदतवाढ मिळाली असती तर माणसंही आली असती, आणि बाईंचं कुरण त्या वर्षांपुरतं सांभाळलं गेलं असतं.

प्रयोगाच्या शेवटच्या वर्षी, मार्चमध्ये आमच्या संस्थेत दिवसभराची बैठक झाली. चराऊ कुरणांतल्या तणांवर पुढच्या काळात कोणतं संशोधन आधी व्हावं, हे ठरवायचं होतं. निधी देणारं खातं त्या यादीकडे बघून पैसे ठरवणार होतं. संशोधक होते, कृषी सल्लागार होते, निसर्ग संरक्षणवाले होते, यंत्र कंपन्यांची माणसं होती, आणि प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांपैकी म्हणून बाईंना बोलावलं होतं. बाई बूट बदलून आल्या होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच साध्या चपट्या बुटांत पाहिलं.

इथे अशा बैठकीची एक रीत आहे. भिंतीला मोठा तपकिरी कागद लावतात. प्रत्येकाला जाड कागदाची कार्डं आणि मार्कर देतात. एका कार्डावर एकच विषय लिहायचा, मोठ्या अक्षरात. सगळी कार्डं कागदावर टाचणीने लावतात, मग प्रत्येकाला लाल गोल ठिपके देतात, चिकटणारे. ज्याला जो विषय महत्त्वाचा वाटतो त्यावर त्याने आपले ठिपके लावायचे. शेवटी ज्यावर जास्त ठिपके ते वर. कोणी भाषण करत नाही, कोणी आवाज चढवत नाही. मला ही रीत पहिल्यापासून आवडायची. आमच्याकडे बैठकीत जो मोठ्याने बोलतो त्याचं होतं, इथे गप्प बसणाऱ्यालाही सारखेच ठिपके.

कार्डं चांगली आली. ड्रोनने वरून तण ओळखणं. यंत्रमानवाने एकेक झाड काढणं. कोरड्या वर्षांत गवत विरळ झाल्यावर तण किती वाढतं. गाईंबरोबर मेंढ्या चारल्या तर काय होतं. संरक्षित कुरणांत कापणी उशिरा करायचा नियम तणाच्या सोयीचा ठरतो का. हे सगळे विषय खरे आहेत. यांतल्या कोणत्याच कार्डाविरुद्ध माझं काही म्हणणं नव्हतं, आजही नाही.

मी माझ्या कार्डावर लिहिलं: "हाताने काढणं – दहा वर्षांचा अभ्यास. काढणाऱ्याच्या हातांसह." शेवटचे शब्द लिहायचं मी ठरवलं नव्हतं. कार्डावर जागा उरली होती. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापक, इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना सगळे नावाने आणि एकेरीत हाक मारतात, मला ते इतक्या वर्षांत जमलेलं नाही, मी हाक न मारता समोर जाऊन उभा राहतो, तर मॅडमनी कार्ड वाचलं, भुवया जरा उंचावल्या आणि स्वतःच्या हाताने ते मधोमध टाचलं. बाई लांबून म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

कॉफी आणि केक झाल्यावर ठिपके वाटले. बैठक चालवायला बाहेरून आलेला एक माणूस होता, गळ्यात चष्मा अडकवलेला. तो हसत म्हणाला की स्वतःच्या कार्डावर ठिपके लावायला बंदी नाही, पण आपण सगळी सभ्य माणसं आहोत. लोक हसले आणि उठले.

मी उठलो तेव्हा भिंतीपाशी गर्दी होती. मी मागे थांबलो. बैठक आमच्या संस्थेत होती. केक आमच्या मुलांनी कापला होता, खुर्च्या मी सकाळी लावल्या होत्या. यजमानाच्या घरी पंगत बसली की घरचा माणूस हातात भांडं घेऊन उभा राहतो, स्वतःचं पान मांडत नाही. हे मला कोणी शिकवलं असं नाही, ते अंगातच आहे. माझं कार्ड मला दिसत होतं. मी माझे ठिपके पाहुण्यांच्या कार्डांवर लावले. मेंढ्यांवर, कोरड्या वर्षांवर, आणि उरलेले ड्रोनवर, कारण ड्रोनवाला माणूस लांबून, डार्मश्टाटहून आला होता आणि त्याची परतीची ट्रेन होती.

बाईंनी काय केलं ते मला नंतर कळलं. त्या त्यांच्या गावच्या समितीवर आहेत. तिथे स्वतःच्या जमिनीचा विषय निघाला की त्या माणसाने मतदानाला खोलीबाहेर जायचं असतं. इथे बाहेर जायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या कुरणाशी संबंध नसलेल्या कार्डांवर ठिपके लावले. मॅडमनीही स्वतःच्या संस्थेचं कार्ड म्हणून ते सोडलं. त्यांना वाटलं की मी आणि बाई ते सांभाळू.

शेवटी माझ्या कार्डावर एक ठिपका होता. कोणाचा ते माहीत नाही. चष्मेवाल्याने तपकिरी कागदाचा फोटो काढला. तो फोटो म्हणजेच बैठकीचा अहवाल. एकदा काढला की त्यात काही हलत नाही. मग कागद गुंडाळला, आणि मी खुर्च्या उचलायला लागलो.

बाईंना सोडायला मी गाड्यांच्या तळापर्यंत गेलो. त्यांनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"तू लावला नाहीस?"

"तुम्ही?"

"मी कशी लावणार? कुरण माझं आहे."

"बैठक आमची होती," मी म्हणालो.

"आल्झो," बाई म्हणाल्या, म्हणजे तर मग, "आपण दोघं फार चांगली माणसं आहोत. कालवडींना सांगते." आणि गाडीत बसल्या. रागावल्या नव्हत्या. चावी फिरवून त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात कुंपण तपासायचंय, ये.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर संगणकावर तो फोटो उघडा होता. त्यांनी तो मोठा करून माझं कार्ड मधोमध आणलं. मग म्हणाल्या, "तू तुझे सगळे ठिपके त्यावर लावशील असं मी धरून चालले होते. मी तसंच मोजलं होतं." मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या की याला सॉरी हा शब्द नाही. यादी पुन्हा उघडता येणार नव्हती. पण यादीवर आधारलेला मजकूर आमच्या संस्थेने लिहायचा होता आणि तो मी लिहावा असं त्या म्हणाल्या. जे विषय खाली राहिले त्यांच्यासाठी मजकुराच्या शेवटी एकेक वाक्य ठेवायची मुभा होती.

मी तो मजकूर लिहिला. ड्रोनचा परिच्छेद चांगला झाला, मॅडमनी त्यात काही बदललं नाही. फुललेलं तण वरून ओळखता येतं पण जमिनीलगतचं पहिल्या वर्षाचं रोप गवतात लपतं, तेव्हा संशोधन त्या रोपावर व्हायला हवं, असं मी सविस्तर मांडलं. यंत्रमानव उतारावर आणि ओल्या मातीत कसा चालेल हेही लिहिलं. लिहिताना मला काही वाटत नव्हतं. मी पाव खात होतो आणि टाइप करत होतो, आणि पाव संपला तेव्हा तो कसला होता हे आठवेना. शेवटच्या वाक्यांची जागा आली तेव्हा मी एक वाक्य लिहिलं. ते इथे देत नाही, पुढे पत्रात आहे.

जूनमध्ये आम्ही शेवटचं तण काढलं. पाऊस पडून गेला होता, मुळं सहज येत होती. विद्यार्थी गाणी लावून काम करत होते. कालवडी कुंपणापलीकडे ओळीने उभ्या राहून बघत होत्या, त्यांना माणसांचं कौतुक असतं. त्यांच्यात एक पांढऱ्या कपाळाची होती, ती नेहमी माझ्या पिशवीत तोंड घालायला यायची. बाई म्हणाल्या, "बघ, तिला वाटतं तू खाणं आणणारा माणूस आहेस." जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं की मालकांशी बोलणं झालंय. पुढच्या वर्षी कुरण कोण साफ करणार, असं त्यांनी विचारलं होतं. त्यावर बाईंनी खोटं सांगितलं नव्हतं. मुलाने म्हटलं होतं की आई, आता पुरे. "जा," बाई म्हणाल्या, म्हणजे हो, आणि सुपाचं भांडं पुढे सरकवलं.

फ्लॅटमधल्या मित्राला मी हे सांगितलं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "अरे, तू शनिवारी जाऊन काढून दे ना." मी जात होतो. दोन माणसांनी तेवढा उतार होत नाही. काढता काढता वरच्या बाजूचं फुलायला लागतं. त्या आठवड्यात त्याने माझी थट्टा केली नाही, आणि मला ती असती तर बरं वाटलं असतं.

सप्टेंबरच्या शेवटी ट्रेलर आला. मी त्या दिवशी प्रयोगाच्या पट्ट्यांचे खांब काढायला गेलो होतो, तारीख तीच निघाली. कालवडी एकेक करून फळीवरून चढल्या. बाई प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून ढकलत होत्या आणि कानावरच्या पट्टीचा नंबर न्यायला आलेल्या मालकाला मोठ्याने वाचून दाखवत होत्या, अगदी नेहमीच्या आवाजात. पांढऱ्या कपाळाची शेवटी राहिली. ती चढेना. मालक म्हणाला, दोरी लावू. बाई म्हणाल्या, थांब. त्यांनी माझ्याकडची रिकामी पिशवी घेतली, ती फळीच्या वरच्या टोकाला धरली, आणि कालवड तिच्यामागे आत गेली. फळी बंद झाली. बाईंनी पिशवी घडी करून मला परत दिली.

मी खांब काढत राहिलो. ओली माती होती, सहज निघत होते. हातमोजे होते, तरी बोटांना काही कळत नव्हतं. थंडी तेवढी नव्हती. नंतर बाईंनी कॉफी दिली आणि हिवाळ्यात गोठा धुऊन काढायचा आहे, मदतीला येशील का विचारलं. येईन म्हणालो. कुरण आता त्या कोणाला तरी कापणीला देणार आहेत, चारा म्हणून नाही, गॅसच्या प्लांटसाठी. तिथे तण चालतं.

घरी फोन मी आठवड्याला करतो. फोन भावाच्या हातात असतो, मग पुतण्या घेतो, मग तो स्पीकरवर टाकतो आणि वहिनी लांबून विचारतात, भाऊजी, जेवलात का. मी हातांचं विचारलं की त्या म्हणतात, बरे आहेत. सगळे ऐकत असतात, बरे आहेत याखेरीज त्या काय म्हणणार. म्हणून त्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. कॉलेजला असताना लिहायचो तसं. पाठवलेल्या पत्राचा फोटो फोनमध्ये आहे, त्यावरून उतरवतो.

वहिनी, नमस्कार.

हे पत्र तुम्हालाच आहे. पुतण्याला वाचायला देऊ नका, सावकाश तुम्ही वाचा. अक्षर मोठं काढलं आहे.

मी तुम्हाला सांगत असतो त्या बाईंच्या कालवडी परवा गेल्या. कुरण साफ ठेवायला माणसं पुरली नाहीत. पुढच्या संशोधनाच्या यादीत आमचं काम यायला हवं होतं, ते आलं नाही. कोणी वाईट वागलं नाही. सगळ्यांनी दुसऱ्याला आधी वाढलं आणि आमचं पान रिकामं राहिलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, भाऊजी, भांडं हातात होतं ना, मग घ्यायचं होतं वाढून.

यादीबरोबरच्या मजकुरात मला एक वाक्य लिहायला मिळालं. ते मराठीत असं: "कुरणातलं तण हाताने काढणाऱ्या माणसांच्या त्वचेवर आणि आरोग्यावर काय परिणाम होतो याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, तो व्हावा." ते शेवटच्या पानावर आहे. छापून आलं आहे. ते लिहिताना माझ्यासमोर तुमचे हात होते.

या वाक्यासाठी कोणी निधी देईल असं वाटत नाही. म्हणून मी विचारतो. इतकी वर्षं मी तुम्हाला बरे आहेत का एवढंच विचारलं. आता नीट विचारतो. पुरळ पहिल्यांदा कुठे आलं? कोणत्या महिन्यात जास्त होतं? ऊन लागलं की वाढतं का? गायरानात जाणं बंद केल्यावर किती दिवसांनी उतरलं, की उतरलंच नाही? भाकरी थापताना दुखतं का? वेणी घालता येते का? तुमच्याबरोबर गवताला येणाऱ्या बाकीच्या बायकांचं काय झालं? लिहायला हात दुखत असतील तर थोडं थोडं लिहा, एका दिवशी एका प्रश्नाचं. बरे आहेत असं लिहू नका.

मी ठीक आहे. जेवतो वेळेवर. बाईंचा गोठा धुवायला जाणार आहे. मला अजून काही वाटत नाही, ते काम झाल्यावर वाटेल बहुतेक.

कुरणातून काढलेले खांब संस्थेच्या मागे रचून ठेवले आहेत. हातमोज्यांचा एक नवा जोड यासोबत पाठवतो आहे. बायकांच्या मापाचे आहेत. आता गवताला जायचं नसलं तरी भांड्यांना वापरा.

तुमचा
भाऊजी